सगळीच नाणी 'कॉन्स्टँटाइन'ची कशी निघतात? चौथ्या शतकातल्या रोमन ब्राँझ नाण्यांचा नेहमीचा घोळ

मी मूळचा साताऱ्याचा, आता इंग्लंडात लिंकनशायरमधे राहतो. इथे शेतांतून मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारी मंडळी भरपूर आणि त्यांच्या डब्यात तळाशी कायम तोच माल, नखाएवढ्या हिरवट-तपकिरी चकत्या, म्हणजे रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातलं चिल्लर. आधी क्लबातल्या लोकांची नाणी ओळखून द्यायचो, मग पुण्या-मुंबईचे मित्र 'न धुतलेला लॉट' मागवायला लागले आणि त्यांचे फोटो यायला लागले. नाणं वेगळं, माणूस वेगळा, घोळ मात्र तोच. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

एक आधीच सांगतो, नाण्यांवरची रोमन अक्षरं मी इथे मराठीतच लिहिणार आहे, एन, व्ही, एस अशी. आणि आपल्या छापा-काट्यातला छापा म्हणजे डोक्याची बाजू, काटा म्हणजे मागची.

लक्षणं

छाप्यावर 'कॉन्स्ट' किंवा 'कॉन्स्टान' एवढंच वाचता येतं आणि पुढे सगळं गुळगुळीत. विकणाऱ्याच्या पाकिटावर 'कॉन्स्टँटाइन द ग्रेट' लिहिलेलं असतं पण कॅटलॉगातल्या चित्राशी काहीतरी जुळत नाही. मोबाइलमधलं अ‍ॅप त्याच नाण्याला सकाळी एक नाव देतं, संध्याकाळी दुसरं. खाली 'कॉन्स' दिसतं म्हणून कॉन्स्टँटिनोपल धरलं तर बाकीचं बसत नाही. अक्षरं स्वच्छ दिसतात पण त्यांचा शब्दच होत नाही. किंवा राजा शोधून शोधून दमलो आणि नंतर कळलं की नाण्यावर राजा नव्हताच. यातलं एक जरी होत असेल तरी खालची तपासणी वरून खाली क्रमानं करा, उड्या मारू नका.

घोळाचं मूळ त्या घराण्यात आहे. रोमन सम्राट कॉन्स्टँटाइन (तोच 'द ग्रेट'), त्याच्या बापाचं नाव कॉन्स्टँटिअस. कॉन्स्टँटाइननं पोरांची नावं ठेवली कॉन्स्टँटाइन, कॉन्स्टँटिअस आणि कॉन्स्टान्स. राजधानी वसवली तिचं नाव कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, आणि फ्रान्समधल्या आर्ल गावाचं नाव बदलून केलं कॉन्स्टँटिना. म्हणजे एका घरात दत्ता, दत्तात्रय, दत्तू आणि दत्ताजी राहतायत, गाव दत्तवाडी, शेजारचं गाव दत्तनगर, आणि तुमच्या हातात फाटकी चिठ्ठी आलीय जिच्यावर फक्त 'दत्त' उरलंय. पत्ता कसा लागणार?

लागतो, पण छाप्यावरून सुरुवात केली तर नाही. सगळे आधी डोक्याकडे बघतात, साहजिक आहे, तेच मोठं असतं. मी डोकं शेवटी बघतो.

तपासणी १: उजेड (खर्च शून्य)

ट्यूबलाइट वरून पडते आणि नाण्याचा उठाव मारून टाकते. ती बंद करा, टेबल लॅम्प किंवा फोनचा टॉर्च नाण्याच्या बाजूला जवळजवळ टेबलाच्या पातळीला ठेवा, उजेड नाण्यावरून घासत गेला पाहिजे. मग दिवा नाही, नाणं फिरवा, सावकाश. काही अक्षरं एकाच कोनात दिसतात आणि पुढच्या क्षणी गायब होतात, म्हणून प्रत्येक पाव फेरीला फोटो काढा. डोकं सरळ उभं राहील असं नाणं धरलं की अक्षरं डावीकडे खालून, घड्याळात सातच्या जवळून सुरू होतात आणि घड्याळाच्याच दिशेनं जातात. हे न कळल्यामुळे लोक मधूनच वाचायला सुरुवात करतात. काट्यासाठी माणसं पायावर उभी राहीपर्यंत नाणं फिरवायचं.

हे पहिलं का, तर निम्म्या केसेस इथेच मिटतात आणि यात नाण्याचं काही बिघडत नाही. धुवायची घाई करणारे ही पायरी गाळतात.

तपासणी २: वजन आणि माप (छोटा वजनकाटा, व्हर्नियर)

स्वयंपाकघरातला काटा चालत नाही, सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा लहान डिजिटल काटा घ्या, स्वस्तात मिळतो. वजन म्हणजे या नाण्यांची अर्धी जन्मतारीख. सम्राट डायोक्लेशननं साधारण इ.स. २९४ मधे नवीन ब्राँझ नाणं काढलं तेव्हा ते सुमारे १० ग्रॅमचं होतं, त्यानंतर सरकार ते खात खात गेलं. ३३० च्या सुमाराला ते साधारण अडीच ग्रॅम झालं आणि ३३५-३३६ नंतर दीडच्या आसपास. महागाईची गोष्ट आहे, दुसरं काय. ३४८ ला पुन्हा जरा मोठी नाणी काढून बघितली, तीही आकसली.

कॅटलॉगात 'एई-३', 'एई-४' असं येतं, ते फक्त आकाराचं आहे, साधारण १७ ते २१ मिलिमीटर म्हणजे एई-३, त्याखाली एई-४. त्यात गूढ काही नाही. एकट्या नाण्याच्या वजनावर मात्र पैज लावू नका, गंजानं वजन जातं आणि चिकटलेल्या मातीनं वाढतं. वजन साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

तपासणी ३: काटा, आणि निशाणं मोजा

इथे वेळ घालवा, सगळा खजिना इथेच आहे. सगळ्यात जास्त सापडणारं चित्र म्हणजे दोन सैनिक समोरासमोर भाले घेऊन उभे आणि मधे निशाण, म्हणजे लष्कराची काठी. भोवती 'ग्लोरिया एक्झर्किटस', सैन्याचा गौरव. आता निशाणं मोजा. दोन असतील तर नाणं ३३० ते ३३५ चं. एकच असेल तर ३३५ पासून ३४० च्या जरा पुढपर्यंतचं. नाणं लहान झालं तशी मधे जागा उरली नाही, एक काठी गेली. वजनाशी ताडून बघा, दोन काठ्या आणि अडीच ग्रॅम, एक काठी आणि दीड ग्रॅम, जुळलं की पुढे जायचं.

बाकी नेहमीची चित्रं पटकन सांगतो. किल्ल्याच्या दरवाज्यासारखी दगडी गढी आणि वर तारा, ३२४ ते ३३०. दोन पंखवाल्या विजयदेवता हार घेऊन समोरासमोर, ३४७-३४८. सैनिक घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूला भोसकतोय, ३४८ नंतरची दहाएक वर्षं. राजा कैद्याचे केस धरून ओढतोय, किंवा विजयदेवता हार घेऊन डावीकडे चाललीय, ३६४ ते ३७८. देवताच कैद्याला फरफटत नेतेय आणि नाणं हरभऱ्याच्या डाळीएवढं, ३८८ च्या पुढचं.

याचा फायदा बघा. घोडेस्वार पडताना दिसतोय आणि पाकिटावर 'कॉन्स्टँटाइन द ग्रेट' आहे, तर पाकीट फेकून द्या, अक्षरं वाचायचीही गरज नाही. कॉन्स्टँटाइन ३३७ च्या मे महिन्यात गेला, त्याच्याच नावाचा मुलगा ३४० मधे धाकट्या भावाच्या माणसांशी लढताना मारला गेला, आणि हे चित्र ३४८ चं. मेलेला माणूस अशी नाणी पाडत नाही. एका मित्राच्या डब्यात अशी एकवीस नाणी 'कॉन्स्टँटाइन' म्हणून बसली होती, एका चहात सगळी उठवली.

आणि राजाच नसलेली नाणी. लांडगीण दोन पोरांना दूध पाजतेय तर छाप्यावर हेल्मेटवालं डोकं आहे ते रोमा, रोम शहर, नाव 'उर्ब्स रोमा'. जहाजाच्या नाळेवर पंखवाली देवता उभी असेल तर तिकडचं हेल्मेटवालं डोकं कॉन्स्टँटिनोपल शहराचं. राजधानीचं उद्घाटन ११ मे ३३० ला झालं, त्या निमित्तानं ही दोन्ही निघाली. दुसऱ्याच्या छाप्यावर 'कॉन्स्टँटिनोपोलिस' लिहिलेलं असतं आणि त्यातलं 'कॉन्स्टान' तेवढं वाचून लोक राजा शोधत बसतात.

डोक्यावर पदर घेतल्यासारखं दिसत असेल तर तो स्वतः कॉन्स्टँटाइनच, मेल्यानंतरचा. मागे चार घोड्यांचा रथ आणि वरून देवाचा हात. इथे पाकीट बरोबर निघतं, कधीकधी तसंही होतं.

तपासणी ४: रेषेखालची अक्षरं

काट्यावर माणसांच्या पायाखाली आडवी रेघ आणि तिच्याखाली टाकसाळीची खूण. 'एस-एम-ए-एन' अँटिऑक, 'एस-एम-ए-एल' अलेक्झांड्रिया, 'एस-एम-के' सिझिकस, 'एस-एम-एन' निकोमिडिया, 'एस-एम-एच' हेराक्लिया, 'टी-आर' ट्रिअर, 'एल-जी' लिऑन, 'एस-आय-एस' सिस्किया म्हणजे आजच्या क्रोएशियातलं सिसाक. सुरुवातीचं एस-एम म्हणजे सरकारी टाकसाळ, आणि जोडीला एखादं अक्षर कारखान्याचा नंबर सांगतं. पश्चिमेकडे बहुतेक लॅटिन पी, एस, टी, म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा. पूर्वेकडे ग्रीक अल्फा, बीटा, गॅमा.

आता तो प्रसिद्ध सापळा. 'कॉन्स' म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, 'कॉन्स्ट' म्हणजे आर्ल. एका 'टी'चा फरक आणि मधे अख्खा युरोप. ३२८ मधे आर्लचं नाव कॉन्स्टँटिना झालं तेव्हापासून ३४० पर्यंत तिथली खूण 'पी-कॉन्स्ट', 'एस-कॉन्स्ट' अशी. नीट बघा, आर्लला कारखान्याचं अक्षर पुढे लागतं, राजधानीत मागे, ते पण ग्रीक. 'टी' झिजला असेल तरी 'कॉन्स'च्या आधी पी किंवा एस दिसला की या काळापुरतं तुम्ही फ्रान्समधे आहात.

पुण्याच्या मित्राचं एक नाणं याच पायरीवर सुटलं. पाकिटावर होतं 'कॉन्स्टँटाइन द ग्रेट, कॉन्स्टँटिनोपल, इ.स. ३३०'. वजन १.४८ ग्रॅम, व्यास १६ मिलिमीटर, तिथेच माझी भुवई वर गेली. दोन सैनिक, निशाण एक. म्हणजे ३३० गेलं, ३३५ नंतरचं. खाली 'कॉन्स' स्वच्छ, त्याच्या डावीकडे रेघेला चिकटलेला एक उभा दांडा आणि त्याला वर छोटं पोट, म्हणजे पी. उजवीकडे 'टी'ची फक्त टोपी. आर्ल, पहिला कारखाना. राजधानी पण गेली. उरला राजा, तो पुढच्या पायरीला जातो.

हो, तमिळनाडूत करूर-मदुराईकडे आणि श्रीलंकेतही या काळाची रोमन ब्राँझ नाणी सापडतात, करूरला तर अमरावती नदीच्या वाळूत. पण त्यातली बरीच इतकी झिजलेली असतात की ही चौथी पायरी सरळ सोडून द्यावी लागते. तिकडच्या नाण्यावर चित्र ओळखू आलं तरी खूप.

तपासणी ५: आता डोकं

'कॉन्स्टान्स' आठ अक्षरं. 'कॉन्स्टँटिउस' अकरा. 'कॉन्स्टँटिनुस' बारा. यू ऐवजी व्ही कोरलेला असतो हे लक्षात ठेवा. सगळी अक्षरं मोजायची गरज नाही, जिथे फाटा फुटतो तेवढंच बघा. 'कॉन्स्टान'नंतर लगेच एस आला तर कॉन्स्टान्स. 'कॉन्स्टँटि'पर्यंत गेलात आणि पुढे व्ही आला तर कॉन्स्टँटिअस, एन आला तर कॉन्स्टँटाइन. त्रास असा की डोक्याचा वरचा भाग अक्षरांची ओळ तोडतो आणि कधीकधी नेमकी तिथेच तुटते, 'कॉन्स्टँटि' अलीकडे आणि 'नुस' किंवा 'उस' पलीकडे. म्हणून पलीकडचं पहिलं अक्षर भिंगातून बघा, इतर काही बघू नका. या चिल्लरवर एन म्हणजे नुसते दोन उभे दांडे असतात, तिरपी रेघ झिजून जाते. व्हीच्या रेघा खाली एकत्र येतात. दांडे खाली भेटतात का, एवढाच प्रश्न.

मग शेवट. 'ए-व्ही-जी' म्हणजे ऑगस्टस, गादीवरचा. 'नॉब-सी' किंवा 'एन-सी' म्हणजे सीझर, युवराज. बाप कॉन्स्टँटाइनच्या नाण्यावर या काळात 'मॅक्स' येतं, त्याच नावाच्या मुलाच्या नाण्यावर 'आय-व्ही-एन', म्हणजे धाकटा. अक्षरं पूर्ण गेली असतील तर कपाळ बघा. बहुतेक वेळा ऑगस्टसच्या कपाळावर मोत्यांची किंवा फुलांची पट्टी असते, थेट आपल्या मुंडावळ्या, आणि सीझरच्या डोक्यावर पानांचा मुकुट. डोकं उघडंच, काही बांधलेलं नाही आणि साल ३५१ नंतरचं वाटतंय, तर गॅलस किंवा तरुण जुलिअन, दोघेही सीझर असताना बोडक्या डोक्याचे.

मित्राच्या नाण्यावर पलीकडे दांडे खाली भेटत होते. व्ही. शेवटी 'नॉब-सी', डोक्यावर पानं. कॉन्स्टँटिअस दुसरा, म्हणजे कॉन्स्टँटाइनचा मुलगा, युवराज असताना, आर्ल, ३३५ ते ३३७. पाकिटावरच्या तीन गोष्टींपैकी तिन्ही चूक. विकणाऱ्यानं फसवलं असं मला नाही वाटत, त्यानं वरची चार अक्षरं वाचली, खालची चार वाचली आणि पाकीट चिकटवलं.

तपासणी ६: अक्षरांचा शब्दच होत नाही तेव्हा

तुमचं लॅटिन कच्चं आहे असं समजू नका. कोरणाऱ्याला लिहिता येत नव्हतं. ३४१ च्या पुढे काही वर्षं आणि पुन्हा ३५० च्या दशकात ब्रिटन आणि गॉलमधे, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधे, सरकारी चिल्लर कमी पडली, मग लोकांनी गावोगावी नकला पाडल्या. अक्षरांऐवजी नुसत्या काड्या आणि वाटोळं, सैनिक म्हणजे लहान पोरानं काढलेलं बुजगावणं, वजन एक ग्रॅमच्याही खाली. काही तर जुन्याच नाण्यावर नवा ठसा मारलेली, खाली जुनी लांडगीण डोकावते. ही त्या काळची नक्कल आहे, आजची बनावट नाही, आणि माझ्या डब्यातली माझी लाडकी नाणी हीच. यांना राजा शोधू नका, 'पडणारा घोडेस्वार, नक्कल' एवढं लिहा आणि सोडा.

आजची बनावट वेगळी दिसते. कडेला साच्याची शिवण, अंगावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे, उठाव साबणाच्या वडीसारखा मऊ. किंवा एकाच विक्रेत्याकडची दोन नाणी कडेच्या टवक्यासकट हुबेहूब.

तपासणी ७: धुणं, सगळ्यात शेवटी

आई इकडे आली होती तेव्हा मी ऑफिसला गेलो आणि तिनं टेबलावरची 'मळकी' नाणी बघून चिंच लावून घासली, देवघरातला तांब्या घासतात तशी. संध्याकाळी आलो तर सहा गुलाबी चकचकीत चकत्या, सोनाराकडून आल्यासारख्या, आणि एकावरही नाक-डोळे नाहीत. "बघ, कशी झाली," म्हणाली. मी काय बोलणार. जमिनीत सोळाशे वर्षांत वरचा थर गंजून जातो आणि अक्षरं धातूत न राहता त्या कडक हिरव्या-तपकिरी थरात राहतात. थर गेला की अक्षरं गेली, परत येत नाहीत. म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितळ घासायची कुठलीही पावडर, काही नाही.

काय चालतं, तर डिस्टिल्ड वॉटर. बुडवून ठेवा, दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, मऊ ब्रश, बांबूची टूथपिक, आणि महिनाभर धीर. मऊ माती निघते. जी निघत नाही ती निघायची नसते. आणि हे फक्त बाजारातून घेतलेल्या साध्या नाण्याचं, स्वतःला जमिनीत सापडलेल्याचं खाली सांगतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

फिकट हिरवी पावडर. कडक, गुळगुळीत गडद हिरवा थर चांगला, तो नाण्याचं चिलखत आहे. पण टूथपिक लावली की भुरभुर पडणारी पोपटी पावडर, आणि झटकली तर दमट हवेत दोन दिवसांत परत येणारी, हा ब्राँझचा रोग. आत क्लोराइड बसलेलं असतं, दमटपणा मिळाला की ते धातू खात राहतं. ते नाणं लगेच वेगळं करा, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर कोरड्या डबीत ठेवा आणि कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा. नेटवर रसायनांच्या कृती मिळतात, त्यातली काही विषारी आहेत, किचनच्या ओट्यावर करायचं काम नाही.

चिकटलेला गोळा. दोन-चार नाणी एकमेकांना धरून बसली असतील तर चाकू घालू नका. गोळ्यात कधी कापडाचे धागे राहतात, पिशवीचे, ते एकदाच बघायला मिळतात.

जमिनीत सापडलेलं. इंग्लंड-वेल्समधे एकाच ठिकाणी ३०० वर्षांपेक्षा जुनी दहा किंवा जास्त ब्राँझ नाणी मिळाली तर १९९६ च्या कायद्यानं ती 'ट्रेझर', म्हणजे कायद्याच्या भाषेतला खजिना, १४ दिवसांत कळवावंच लागतं, जिल्ह्याचा फाइंड्स लिएझन ऑफिसर, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारा अधिकारी, मदत करतो. आणि ती धुवायची तर अजिबात नाहीत. भारतात १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, दहा रुपयांच्या वर किमतीचं सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, मग ते करूरचं रोमन असो नाहीतर आपल्याकडचं सातवाहन.

मोठी रक्कम. कुणी डेल्मेटिअस किंवा हॅनिबालिअनस म्हणून विकत असेल, हे दोघे कॉन्स्टँटाइनचे पुतणे, नाणी फक्त ३३५ ते ३३७ मधली आणि दुर्मिळ, तर पैसे देण्याआधी नाणं प्रत्यक्ष जाणकाराच्या हातात द्या. फोटोवर मी पण सांगत नाही.

आणि एवढं सगळं करूनही काही नाणी उघडतच नाहीत. त्यांना मी छोट्या पाकिटात घालतो, वजन, व्यास, कुठे मिळालं, आणि चित्राचा अंदाज असेल तर नाणेतज्ज्ञ रिचर्ड रीस यांनी पाडलेल्या कालखंडाचा आकडा लिहितो, ३३० ते ३४८ म्हणजे १७, ३४८ ते ३६४ म्हणजे १८. आईनं घासलेल्या सहापैकी दोन वजनावरून आणि एका काठीच्या पुसट सावलीवरून १७ मधे बसली. बाकी चार तिच्याच पर्समधे आहेत, सातारला बायकांना दाखवायला.